उडी

लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा एका दुपारी तिने मला समुद्रकाठच्या हॉलमध्ये गाण्याच्या कार्यक्रमाला नेलं. स्टेजवर चकचकीत पिवळ्या कोटातले चौघं, दोन गायक आणि दोन गायिका, सगळे सत्तरीला टेकलेले.

"यांचं एकच गाणं गाजलं, आई," लेक म्हणाली. "पण इथलं एकही लग्न त्याच्याशिवाय होत नाही. ते जे करतील ते आपण करायचं."

टाळी, गिरकी, मग सगळ्यांनी उकिडवं बसायचं आणि ड्रम वाजला की उडी मारून उठायचं. सगळा हॉल खाली बसला. ड्रम वाजला. मधला एक गायक उठेना.

तोंडावरचं हसू तसंच होतं, पण जमिनीला टेकलेली बोटं पांढरी पडली होती. मला राग आला, कोणाचा ते कळेना. तरुणपणी गंमत म्हणून एक उडी मारली, ती लोकांना आवडली, आणि मग जन्मभर तीच मारत राहायची. आवडतं होणं हीसुद्धा शिक्षाच की!

तेवढ्यात शेजारच्या गायिकेने गाणं न थांबवता त्याच्या कोपराखाली हात घातला आणि त्याला अलगद उभं केलं.

हॉलला वाटलं, ही नवीच स्टेप. भराभर हात शेजाऱ्यांच्या कोपराकडे गेले. मी अजून खालीच होते. गुडघा धरला होता, आणि लेकीला सांगायची लाज वाटत होती. पलीकडच्या अनोळखी बाईने मला नाचता नाचता उठवलं.