तिरप्या टाक्याची पर्स

मी आज जो कोणी आहे तो माझ्या मावसाजींमुळे आहे, आणि या जगात माझ्यावर सगळ्यांत जास्त संशय कोणी घेतला असेल तर तोही मावसाजींनीच. यात मला कधी अपमान वाटला नाही. पांढुर्ण्याच्या बाजारातल्या साबणापासून स्वतःच्या लग्नाच्या फोटोपर्यंत त्यांनी कोणालाच सोडलं नव्हतं. फोटोतला नवरदेव आपणच कशावरून, असं ते मावशीला विचारत. मावशी म्हणे, "कान पाहा. असे कान दुसऱ्या कोनाचे हायेत काय?" मग ते आरशात कान पाहून येत आणि अर्धवट समाधानानं जेवायला बसत.

ते जिनिंगमध्ये नोकरीला होते. कापसाच्या गाड्या आल्या की कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि वजन वाढवायला कोणी आत पाणी मारलं आहे का ते पाहायचं, हे त्यांचं काम. तो हात घरी आल्यावरही थांबत नसे. पिशवीतली संत्री ते ओल्या फडक्यानं पुसत, रंग निघतो का म्हणून. मोहगावचा त्यांचा चुलतभाऊ बऱ्याच वर्षांनी भेटायला आला, तर आजोबांच्या बैलजोडीची नावं विचारल्याशिवाय त्याला आत घेतलं नाही. बिचाऱ्याला एकच बैल आठवला, म्हणून त्याचा चहा बाहेर छपरीतच झाला. माझे आईबाप तिगावला लोकांच्या शेतात कामाला जात आणि मी शिकायला मावशीकडे राहत होतो. मी पहिल्या नंबरानं पास झालो तेव्हा मावसाजी थेट शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, "एकदा पुन्हा मोजून पाहा ना जी. आमच्या घरात असं होत नाही."

नकली ओळखण्याचा त्यांचा एक नियम होता. ते म्हणत, "नकली माल लई साफ असते. बनवनाऱ्याच्या पोटात भेव असते, म्हनून तो जपून जपून शिवते. असलीवाल्याले कोनाचं भेव? त्याचा एखादा टाका तिरपा जातेच." हा नियम त्यांनी माझ्या अक्षरालाही लावला होता. आमचं गाव मध्य प्रदेशात, म्हणून शाळा हिंदी आणि घर मराठी. हिंदीत ळ नाही, म्हणून मी मराठी लिहितानाही काळजीला 'कालजी' आणि सकाळला 'सकाल' लिही. मावसाजी जुन्या मराठी शाळेत चार वर्ग शिकलेले. पण त्यांनी ती चूक कधी सुधारली नाही. म्हणत, "राहू दे. यानं वयखू येते, लिहिनारा तूच हाय म्हनून."

घरात एकच फॉरेनची वस्तू होती, मावशीची चामड्याची पर्स. ऐंशीनंतरचे ते दिवस. आमच्याकडे फॉरेनचा रिकामा डबासुद्धा लोक शोकेसमध्ये ठेवत. जिनिंगच्या साहेबांची बदली झाली तेव्हा, बाळंतपणात मावशीनं आपलं केलं म्हणून, त्यांच्या बाईसाहेबांनी स्वतःची वापरलेली पर्स तिला देऊन टाकली. मावसाजींनी त्याच संध्याकाळी तिचा वास घेतला, चेन कानाशी धरून उघडझाप केली आणि आतला एक दोरा काडीवर जाळून पाहिला. निकाल काही लागला नाही. पर्स पेटीत गेली.

मी हायर सेकंडरी पास झालो आणि नागपूरच्या कॉलेजात नाव घालायची वेळ आली, तेव्हा घरात विकण्यासारखं तेवढंच होतं. मावशीच म्हणाली, "माझ्या खांद्यावर ते शोभते काय? पोराच्या शिक्षनात लागू द्या." सौंसरच्या एका कापडवाल्या सेठाणीला फॉरेनची पर्स हवी होती, असा निरोप होता. कोणी बदलू नये म्हणून मावसाजींनी ती टॉवेलात गुंडाळून खताच्या थैलीत घातली. बसमध्ये ते दर थांब्यावर थैलीत हात खुपसत आणि मला विचारत, "आपलीच हाय ना बे?"

सेठाणीला पर्स पाहताक्षणी आवडली. पण तिचा भाऊ मुंबईहून आलेला होता. त्यानं पर्स उलटीपालटी केली आणि ओठ मुरडले. "ताई, हा डुप्लिकेट माल आहे. ही शिलाई बघ, कशी तिरपी गेली."

मावसाजी उसळले. "तिरपी हाय म्हनूनच असली हाय ना जी!"

"फॉरेनवाले तिरपं शिवत नसतात, काका."

"तुमी पाह्यलं काय त्याहिले शिवताना?"

"तुम्ही पाहिलं का?"

मावसाजींनी पर्स हातात घेऊन तो टाका बोटानं चाचपला. जन्मभर लोकांना विचारलेला प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता. सेठाणी मावसाजींना म्हणाली, "भाऊ, भांडू नका. तुम्ही शपथेवर सांगा असली आहे म्हणून, मी घेते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझं सगळं कॉलेज त्या एका शब्दावर अडलं होतं. 'हो' म्हणायला काय जात होतं! मावसाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पर्सकडे, आणि हात जोडले. "बाई, शपथ कशी घेऊ? घरात आली त्या दिवसापासून मलेच डाऊट हाय. मेमसाबनं देल्ली हे खरं. बाकी मी काय सांगू?" आणि ते पर्स पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागले. मला रडू आलं होतं. मी उंबरठ्याकडे तोंड केलं.

मागून सेठाणी हसली. "ठेवा ती इथंच. आपल्याच मालावर संशय घेणारा विकणारा मी पहिल्यांदा पाहिला. तुम्ही काय फसवणार मला!" तिनं घासाघीस न करता पैसे दिले. मावसाजींनी तिच्यासमोरच एकेक नोट उन्हात धरून पाहिली.

मला वाटलं, परत येताना तरी ते खूश असतील. पण बस सुटली तरी ते खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्या बाईनं लई लवकर घेतली बे. पक्की असलीच असन. फसलो आपन."

नागपूरला होस्टेलातली पोरं माझ्या 'ल'ला हसली, म्हणून मी महिनाभर ळ घोटला आणि मग मावसाजींना सुंदर, शुद्ध पत्र लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं: 'पत्र भेटलं. लिहिणारा कोण ते कळवावे. आमच्या पोराले ळ येत नाही.' त्यानंतर त्यांना लिहिताना मी ळ कधी वापरला नाही.

आता मावसाजी नाहीत. मी शाळेत मराठी शिकवतो. फळ्यावर ळ गिरवताना हात क्षणभर थांबतो. मी तोच आहे का, हे तपासून पाहणारं आता कोणी उरलेलं नाही. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना हे पत्र पाठवलं होतं:

ती. मावसाजी व मावशी यांस सविनय जयभीम.

आज सकाली निकाल कलला. मी पास झालो. आपल्या घरात असं होत नाही, म्हणून तुम्हाला डाऊट येईल. मलाही आला. मी यादी पुन्हा पुन्हा पाहिली, मग दुसऱ्याला पाहायला लावली. डिग्री मिलाली की आधी तुमच्याजवल आणतो. उन्हात धरून पाहा, वास घ्या, पण काडी लावू नका. पहिल्या पगारात मावशीला पर्स घेईन. टाका तिरपा आहे का ते पाहायला तुम्ही सोबत या.

सगल्यांना जयभीम सांगा. माझी कालजी करू नका.

तुमचाच, असली