मशीनला शिव्या शिकवल्या

माझं काम होतं लोकांना लोकांबद्दल विचारायचं. प्रताप नगरातल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात मी कितीतरी वर्षं बसत होते. कर्ज मागणाऱ्याने अर्जात ओळखीच्यांचे नंबर द्यायचे आणि मी त्यांना फोन लावून विचारायचं, माणूस कसा आहे? याला आम्ही रेफरन्स म्हणायचो. थोडक्यात, चुगल्या ऐकायचा मला पगार मिळायचा. असं सुख कुणाला मिळतं, बाप्पा!

आता नागपुरात कुणी कुणाबद्दल कसं बोलतं ते सांगते. ज्याच्यावर जीव आहे त्याला आम्ही धड नावाने हाक मारत नाही. माझी शेजारीणच घ्या. माझ्या आईच्या वयाची, भिंतीला भिंत लागून घर. रोज सकाळी गेटातून ओरडते, "उठली का वं, भैताड?" भैताड म्हणजे ठार मूर्ख. मी तापाने पडले की हीच बाई खिचडीचं पातेलं आपटत आत येते, "मरून नको राहू, खा!" इतक्या वर्षांत तिने माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला असेल तर शपथ.

मग ऑफिसात मशीन आली. म्हणजे दिसायला काहीच नाही, नुसता आवाज. वरून आलेला साहेब म्हणाला, यापुढे रेफरन्सचे फोन एआय करेल. आवाज बाईचा, गोड, आणि इतका शुद्ध की ऐकताना आपणच पाय जवळ घेऊन बसावं. "नमस्कार, आपला थोडा अमूल्य वेळ मिळेल का?" अमूल्य वेळ! पानठेल्यावर तोंडात तंबाखूचा खर्रा धरून उभ्या असलेल्या माणसाला!

काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी माल वाहायला टेम्पो घ्यायचा म्हणून कर्ज मागत होता. मशीनने त्याच्या दोस्ताला फोन लावला. दोस्त म्हणाला, "कोण, तो? एक नंबरचा बदमाश आहे साला! त्याले कर्ज देऊन राहिले? द्या द्या, बुडा!" आणि खदखदा हसला. मशीनने शांतपणे लिहिलं, संदर्भ प्रतिकूल. कर्ज नामंजूर.

व्यापारी दुसऱ्या दिवशी बसने आला आणि थेट माझ्या टेबलावर येऊन त्याने आकाशपाताळ एक केलं. मी त्याच्यासमोरच दोस्ताला फोन लावला. तो उलट माझ्यावरच चिडला. "अवो मॅडम, जिगरी आहे माहा! शिव्या नाही देऊ त काय ओवाळू त्याले?"

कर्ज मंजूर झालं आणि साहेबाच्या डोक्यात दिवा पेटला. त्याने मला हेडफोन दिले. मशीनचे फोन ऐकायचे आणि प्रत्येकापुढे खूण करायची: उत्तम, थांबा किंवा धोका. त्यावरून ती शिकणार. मी काय फुगले म्हणून सांगू! घरात कमावणारी मी एकटी, पोरगी नुकतीच इंजिनिअरिंगला गेलेली. म्हटलं, आता ही खुर्ची कुणाच्या बापाला हलवता येत नाही.

आणि मी मन लावून शिकवलं. शिवी देऊन हसला, उत्तम. शिवी दिली पण हसला नाही, थांबा. आणि कुणी "फार सज्जन आहेत हो, अगदी चांगले आहेत" असं गुळगुळीत बोललं, की मी डोळे मिटून धोका दाबायचे. आमच्याकडे माणूस मनातून उतरला की मगच त्याला अहो-जाहो सुरू होतं. मशीन भराभर शिकली. माझी पोरगी पाढे शिकायला यापेक्षा जास्त रडली होती.

एक दिवस साहेब संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे सिस्टीम तयार झाली. आता तिला कुणाची गरज पडत नाही." कुणाची म्हणजे माझी, हे कळायला मला अर्धी बर्फी लागली. डबा त्याच्या टकलावर आपटावा असं वाटलं. पण उरलेली बर्फी पोरीला आवडते म्हणून घरी घेऊन आले.

रडत बसायला वेळ नव्हता, पोरीची फी तोंडावर होती. मनीषनगरात नव्या नव्या बिल्डिंगी झाल्यात, पण तिथल्या बायकांना तिखट-हळद कुटायला लांब जावं लागतं. म्हटलं, कांडप मशीन टाकू. छोटा गाळा बघितला, होतं नव्हतं ते डिपॉझिटमध्ये घातलं आणि मशीनपुरतं कर्ज दुसऱ्या एका कंपनीकडे मागितलं. आमच्या साहेबाची सिस्टीम त्यांनीही विकत घेतली होती; मला आलेल्या फोनवर तोच गोड आवाज. माझीच चेली! मी निर्धास्त झाले. रेफरन्सला शेजारणीचा नंबर दिला. तिला एवढंच सांगितलं, "फोन येईन वं काकू, जे मनात येईन ते बोल." हिच्या तोंडातून माझ्याबद्दल काय निघतं हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. कर्ज पक्कं.

फोन आला त्या दुपारी काकू माझ्याकडे धावत आली. अंगावर लग्नातली साडी, केसांत तेल, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोनवर बोलायला नटली होती बाई!

"आला होता फोन! अशी शुद्ध बोलली मी, का विचारू नको. म्हटलं, त्या अत्यंत सज्जन आहेत. अतिशय सुस्वभावी आहेत. आपण त्यांना निश्चिंत मनाने कर्ज द्यावे. दोन दिस पाठ करून राहिली होती!"

म्हटलं, गेलं कर्ज. तेवढ्यात मोबाईल वाजलाच. संदर्भ समाधानकारक नाही, अर्ज नामंजूर.

काकूला सगळं सांगावं लागलं. ती ऐकत गेली, तिचा चेहरा उतरत गेला. मग एकदम उसळली.

"काहून नाही सांगतलं मले, बह्याड पोट्टे? जलमभर शिव्या देल्या तुले, एक दिवस चांगली बोलली त तुहं वाटोळं झालं! आण तो फोन! सांगतो मी त्या सटवीले!"

त्या नंबरवर उलटा फोन लागत नाही, हे मी सांगत होते. तिने ऐकलं नाही. फोन कानाला लावला आणि बंद लाईनीत ओरडायला लागली, "ऐक वं! एक नंबरची भैताड आहे ते! तोंडाळ आहे, भांडखोर आहे, अक्कल नाही तिले काडीची!" ओरडता ओरडता लग्नातल्या साडीच्या पदराने डोळे पुसून राहिली होती.

शिव्या देताना माणूस रडला तर कुठली खूण करायची, हे मी मशीनला शिकवलंच नव्हतं.