युथमधली सगळ्यात जुनी पोरगी

ह्या जगात सगळ्यात जुनी तरणी पोरगी कोण असंल तर ती आमच्या चर्चच्या युथमधली मावशी. केस पांढरे फेक, पुढचे दोन दात गेलेले, गुडघे असे की उठताना दारावानी कुरकुरत्यात, आणि तरी बाई युथमध्ये हाय! युथ म्हंजे चर्चमधल्या तरण्या पोरापोरींचा ग्रुप. रविवारी दुपारी जमायचं, गाणी म्हणायची, खेळ खेळायचं, नाताळाला गोठा सजवायचा. नियम एकच, लगीन झालं की युथमधनं बाहेर. आता मावशीचं लगीन झालंच न्हाई, मग ती बाहेर पडंल कशी? कितीतरी फादर आले आणि बदलून गेले, प्रत्येकानं एकदा तरी गोडीत सांगून बघितलं की मावशी, आता तुमी बायकांच्या संघात बसा. मावशी सगळ्यांना एकच उत्तर देती, "नवरा दावा, लगेच जाते." फादर बिचारे नवरा कुटनं दावणार?

नात्यानं ती माझ्या आत्तींची, म्हंजे सासूबाईंची, मावसबहीण. पण सगळी वाडी तिला मावशीच म्हणती, फादरसुद्धा. आमची वाडी गुंद गावाच्या अलीकडं रानात, चार घरं हितं, चार घरं तिथं, मधी भाताची खाचरं. मी इथं नवरी होऊन आले ती खानापूरकडनं, सातवी शिकून घरी बसलेली, आणि भित्री. किती भित्री ते इचारू नका. जळवांना भ्यायची, गव्याला भ्यायची, फादरच्या पांढऱ्या झग्याला भ्यायची, आणि आत्ती नुसत्या खोकल्या तरी हातातलं भांडं खाली पडायचं. नवरा गोव्याला हॉटेलात कामाला, त्येचा फोन वाजला तरी भ्यायची, काय झालं असंल म्हणून, आणि उचलला की तो इचारणार, "जेवलीस का?" मग चिमी झाली आणि भ्यायला घरातच नवीन माणूस मिळालं. रडली तरी भ्या, रडली न्हाई तर जास्तीच भ्या, निजली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची.

पण सगळ्यात जास्ती मी भ्यायची ती चर्चच्या घंटेला. कारण आमच्याकडं घंटा नुसती प्रार्थनेला न्हाई वाजत. तीन-तीन टोले पडले तर प्रार्थना. एक टोला, मग लई वेळ गप, मग आणखी एक, म्हंजे कोणतरी गेलं. आणि घाईघाईनं, दम न घेता, ढणढणढण वाजली म्हंजे खाचरात हत्ती शिरला. मग हिंदू असो किरिस्ताव असो, ज्येच्या हाताला जे लागंल ते घेऊन पळायचं, डबे बडवायचे, फटाके लावायचे. ही घंटा वाजवायचं काम मावशीचं. गुडघे दुखायला लागल्यापास्नं रोज रोज चर्चपतोर जाणं तिला हुईना, पण काम सोडील ती मावशी कसली? तिनं जोयड्याच्या बाजारातनं ही एवढी लांब दोरी आणली, घंटेला बांधली, मधल्या फणसाच्या बेचक्यातनं काढली आणि शेवट आणून ठेवला आपल्या पडवीत, खुर्चीच्या शेजारी. एका हातात चहा, एका हातानं घंटा! तवाचे फादर म्हणाले, "मावशी, हे बरं दिसतंय का?" तर म्हणती, "देवाला आवाज आयकू येतोय न्हवं? मग मी कुटं बसले ते तो कशाला बघतोय?"

मला युथमध्ये तिनंच ओढलं. चिमी तवा अंगावर पीत हुती. एका रविवारी मावशी दारात येऊन उभी, आत्तींना म्हणाली, "सुनेला धाड माझ्यासंगं." आत्ती म्हणाल्या, "तिचं लगीन झालंय, लेकरू हाय, ती कसली युथ?" मावशी म्हणाली, "वय काय तिचं? इसावं? मग? मी सत्तरीत चालते आणि ही इसाव्यात न्हाई?" "आणि तुझा नियम?" "नियम आमचा हाय, आमी त्येचे न्हवं. ऊठ गे पोरी." मी आत्तींच्या तोंडाकडं बघत उठले, बसले, परत उठले. मावशीनं चिमीला काखेत मारलं आणि चालू पडली, मग मला जावंच लागलं, लेकरू तिच्याकडं हुतं!

तिच्या अंगणात गेले तर चमच्याची शर्यत. लिंबं महाग म्हणून मावशी चमच्यात सुपारी ठेवायची. मला रेघेवर उभी केली, तोंडात चमचा दिला. सुपारी चमच्यात नाचत हुती. मावशीनं शिट्टी फुंकली आणि तिचाच कुत्रा माझ्या मागं लागला. मी जी सुटले ती सुटलेच, रेघ ओलांडली, चर्च ओलांडलं, खाचराच्या बांधावर जाऊन थांबले, चमचा दातात तसाच, सुपारी कुटं गेली देवाला ठाऊक. पोरं ओरडली, "सुपारी पडली, सुपारी पडली, बाद!" मावशी म्हणाली, "सुपारी ऱ्हाऊ दे, बाई पोचली न्हवं? पहिला नंबर!" बक्षीस म्हणून मला एक कणगं, म्हंजे कंद, दिलं, तिच्या परसातलं, चिमीएवढं. तिच्याकडं बक्षीस कायम तेच, जमिनीतनं उकरून काढलेलं, माती लागलेलं. ते घेऊन घरी आले, आत्तींनी उकडलं, मीठ-मिरची लावून खाल्लं आणि भिताडाकडं बघून म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारी पण खेळ हाईत का?" तिथनं माझी सुटका झाली. आठवडाभर चूल, गोठा, लेकरू, आणि ऐतवारी दोन घटका मी पण पोरगी!

आता मावशीची मोठी खोड ही की तिला खेळ पायजेत, शर्यती पायजेत, पण कोण हरलेलं बघवत न्हाई. खुर्च्या न्हाईत म्हणून आमी पाट मांडून संगीत-खुर्ची खेळायचो, आणि संगीत म्हंजे मावशी स्वतः, डोळे झाकून ताट बडवत गाणार. डोळे झाकून कशाला, तर पक्षपात नको. पण एक डोळा अर्धा उघडा असायचा, आणि जे पोरगं पाटापास्नं लांब असंल ते जवळ येईपतोर गाणं थांबायचंच न्हाई. एकदा एक पोरगी पाटापास्नं लांबच ऱ्हायली, तर मावशी इतका वेळ गायली की पोरंच दमून पाटावर बसली. बायबलवरच्या प्रश्नांचं तर इचारू नका. "नोहाच्या तारवात हत्ती किती?" पोरं म्हणणार, दोन. "बरोबर. का घेतले?" कुणालाच येईना. मावशी म्हणाली, "मला पण कळंना झालंय. नोहाचं भात कुटं हुतं! आमच्या वाडीला इचारलं असतं तर आमी सांगितलं असतं, बाबा, दोन डास ने, पण ह्यांना ऱ्हाऊ दे." सगळ्यांना एकेक मार्क.

असं चाललं हुतं, आणि नवीन फादर आले. माणूस चांगला, तरणा, हसतमुख, पण हिशेबी. युथमधली पोरं एकेक करून गोव्याला, दांडेलीला कामाला गेलेली, उरलो आमी मूठभर. फादर म्हणाले, "मावशी, चर्चच्या सणाच्या खेळांना मी बघायला येतो. दोन टीम धड उभ्या ऱ्हाईल्या तर ग्रुप हितंच चालवू. न्हाईतर पोरांना रामनगरच्या ग्रुपात घालू, गाडी मी धाडतो." बाकीच्यांना काय, गाडीतनं जायला मिळणार! पण माझं काय? रामनगरला आत्ती मला सोडणार? लेकरू घेऊन, जीपनं, परक्या गावात? मावशीच्या अंगणापतोर हुतं म्हणून सोडत हुत्या. माझा ऐतवार गेला म्हणायचा. मावशीला इचारलं, "तुमी जाणार का हो रामनगरला?" ती गुडघा चोळत म्हणाली, "मला कोण गाडीत चढवणार गे?" पहिल्यांदाच मला तिच्या आवाजात खेळ आयकू आला न्हाई.

सणाचा दिवस उजाडला. भात पिकून पिवळं झालेलं, वाडीतली निम्मी माणसं खळी सारवण्यात. आमच्यातली दोन पोरं ऐनवेळी गुंदला लग्नाला पळाली. रस्सीखेचीला मावशीनं टीमा पाडल्या तर एकीकडं तीन, एकीकडं मी धरून तीन, आणि चिमी फादरच्या मांडीवर, त्यांचा चष्मा ओढत. फादर गप बसून बघत हुते, पण तोंडावर रामनगर लिहिलेलं. त्यात दरवर्षीची जाड दोरी चिखलात रुतलेली जीप ओढताना तुटलेली. मावशी म्हणाली, "माझी घंटेची हाय की!" मी म्हणाले, "अहो मावशी, ती घंटेला बांधलेली हाय!" तर म्हणती, "मी फणसाला गाठ मारते, ओढ घंटेपतोर जाणार न्हाई. माझी गाठ हाय, बापानं शिकवलेली."

गाठ तिनं मारली, घट्ट मारली. पण बापानं शिकवलेली ती गाठ बैल बांधायची हुती. आमच्याकडं गोठ्यात बैल अशा गाठीनं बांधत्यात की वाघ आला तर एका हिसड्यात दावं सुटावं आणि बैलानं जीव वाचवावा.

मावशीनं शिट्टी फुंकली. आमी ओढलं. एक हिसडा, गाठ सुटली, आणि वर ढण्ण! समोरच्यांनी ओढलं, ढणढण! आमी ओढलं, ढणढणढण! मला वाटलं खरंच हत्ती आला. मी भ्याले की दोरी सोडायचं सोडून जास्तीच घट्ट धरते, ओढते, किंचाळते, "हत्ती, हत्ती!", आणि मी जेवढी ओढणार तेवढी घंटा वाजणार! फादर चिमीला घेऊन उभे ऱ्हाईले, "थांबा, थांबा!" म्हणत्यात, पण आयकतंय कोण.

आणि मग वाडी आली. खाचरातनं, खळ्यातनं, रानातनं. कोण डबा बडवत, कोण कोयता घेऊन, म्हातारे "आने बंतू, आने बंतू!" करत, कानडीत हत्ती आला, हत्ती आला म्हणून ओरडत. शेजारचा कुणबी पाटील अर्ध्या दाढीला साबण लावून. आणि सगळ्यांच्या पुढं कोण, तर माझ्या आत्ती, एका हातात पत्र्याचा डबा, एका हातात डाव, पदर खोचलेला! "कुटं हाय? कुटं हाय?" अंगणात येऊन बघत्यात तर हत्ती न्हाई, सून दोरीला लोंबकळतीय.

मला वाटलं, आता संपलं. मावशीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं, फादरकडं एकदा बघितलं, आणि म्हणाली, "हत्ती तुमचा आवाज आयकून पळाला. आता आलाच हायसा तर रिकाम्या हातानं जाऊ नगासा. धरा दोरी!"

पाटील म्हणाला, "मावशी, आमी किरिस्ताव न्हाई आणि तरणे पण न्हाई."

"मग काय झालं? मी तरी कुटं तरणी हाय?" तिच्या तोंडनं हे आयुष्यात एकदाच आयकलं!

हसता हसता माणसांनी दोरी धरली. डबे खाली पडले, कोयते बाजूला, एकीकडं वरची वाडी, एकीकडं खालची. आत्ती माझ्या बाजूला न्हाई आल्या, समोर उभ्या ऱ्हाईल्या. म्हणाल्या, "बघू तुझ्या अंगात किती कणगी गेल्यात!" मी म्हणाले, "आत्ती, सांभाळा हां!" हे मी म्हणाले! मी! मग जी ओढाओढ झाली, घंटा नुसती बोंबलत हुती, आणि मावशी मधी शिट्टी फुंकत, जी बाजू हरायला लागंल तिकडं जाऊन दोरीवर बूड टेकायची. खालची वाडी घसरली, मावशी खाली. वरची घसरली, मावशी वर. शेवटी फादरनी चिमीला पाटलाकडं दिलं, झगा वर खोचला आणि ते पण लागले ओढायला. तवा दोरी तुटली. सगळी वाडी उताणी, आत्तींचे पाय आभाळाला, फादर शेणाच्या ढिगावर, आणि साबणाच्या दाढीवर चिमीचे दोन्ही हात.

"बरोबरी!" मावशी ओरडली.

फादर शेण झाडत उठले, हसून हसून त्यांना बोलवंना. म्हणाले, "मावशी, ग्रुप हितंच ऱ्हाऊ दे. पण घंटेला दोरी आता मी आणणार, आखूड."

तशी आखूडच आणली. ती चर्चच्या दारात जाऊन ओढावी लागती, आणि मावशीचे गुडघे आता पडवीच्या पायरीपतोर पण येत न्हाईत. म्हणून घंटा मी वाजवते. जी घंटेला भ्यायची ती! चिमीला कडेवर घेऊन जाते, तीन-तीन टोले मारते, आणि पडवीतनं आवाज येतो, "दुसरा जरा पडका झाला गे!" ऐतवारी खेळ तिच्या अंगणातच हुत्यात, पाटील शिट्टी फुंकतो, आत्ती बक्षिसाची कणगी उकरून आणत्यात, मावशी खुर्चीत बसून हरणाऱ्यांना मार्क वाढवती.

परवा खेळ संपल्यावर मी तिच्या केसांना तेल लावत हुते. लांब सुप्याच्या धरणाकडं ढग आलेले. तिकडं बोट दावून ती म्हणाली, "त्या पाण्याखाली एक गाव हाय. तिथनं मला स्थळ आलं हुतं. बघून गेले, पसंत म्हणाले. मग पाणी आलं, माणसं कुटं कुटं पांगली." मी तेलाचा हात थांबवला. तीच म्हणाली, "काय गे, मी आता युथमधनं कधी बाहेर पडणार?"

मी म्हणाले, "लगीन झाल्याबिगर न्हाई, मावशी. नियम हाय."

ती हसली. मग म्हणाली, "जा, वाजव, वेळ झाली." मी चर्चकडं गेले आणि दोरी ओढली, पडका टोला पडू नये म्हणून लई जपून. शेवटच्या टोल्यानंतर थांबून कान दिला. पडवीतनं कायच आवाज आला न्हाई. मी भ्याले, चिमीला छातीशी धरून तशीच पळत सुटले. तर मावशी खुर्चीत डोळे झाकून बसलेली, एक डोळा अर्धा उघडा.

"बरोबर वाजली," म्हणाली. "पळतीस कशाला? कुत्रा मागं लागला काय?"