आधी पेनानं, मग सुईनं

शेतातले दगड कितीही वेचा, पुढच्या नांगरटीला नवे वर येतातच. आमच्या दुकानातल्या किश्शांचंही तसंच आहे. एक सांगावा तर मागं दुसरा उभा.

दुकान माझ्या नातीचं, पल्लवीचं. सांगलीला टॅटूचं काम शिकली आणि उंब्रजला सर्व्हिस रोडला गाळा घेतला. शेत मुलाच्या हवाली केल्यापासून मी तिथं बाकड्यावर बसतो. चहा सांगतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघतो.

बघतो म्हणजे संशयानं बघतो. त्याला कारण आहे. माझ्या बायकोच्या, यशोदाच्या हातावर गोंदलेलं नाव आहे 'दत्तू'. आणि माझं नाव शामराव!

लग्न होऊन ती घरी आली, तेव्हा बायकांनी उंबऱ्यावर अडवलं. "नाव घे, नाव घे!" हिनं एकदा स्वतःच्या हाताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. शेवटी माझ्या बहिणीनं कानात सांगितलं, तेव्हा कुठं "शामरावांचं नाव घेते" असं पुटपुटली. बांगड्यांच्या वर ते हिरवं नाव मला त्याच दिवशी दिसलं. संसार झाला, मुलं झाली, नातवंडं झाली. पण हा दत्तू कोण, हे विचारायची हिंमत काही झाली नाही.

म्हणून पल्लवीनं दुकान काढलं तेव्हा मी एकच नियम घालून दिला. आधी पेनानं, मग सुईनं! शब्द पेनानं लिहून घ्यायचा, एक दिवस घरात-गावात तसंच हिंडायचं. दुसऱ्या दिवशीही तोच शब्द हवा असेल तर मशीन चालू.

* * *

सैन्यभरतीची तयारी करणारा एक पोरगा आला. उंचापुरा, पळून पळून वाळलेला. त्याला मानेवर लिहायचं होतं, 'देशासाठी'. शब्द चांगला, मी मान डोलावली. पल्लवीनं मार्करनं ठळक लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी पोरगा आला तो मान लालभडक करून. साबणानं घासली होती, वर राखेनंही घासली होती.

"काय झालं रं?"

"सकाळी ग्राउंडवर आम्हाला पळवणाऱ्या हवालदारसाहेबांनी बघितलं."

"मग?"

"म्हणले, मानंवर लिव्हून भरतीला जातोस व्हय? मेडिकलचा डॉक्टर वाचंल, तुला सलाम ठोकंल आणि तसाच घरी धाडंल!"

तो शब्द नंतर त्यानं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. भरती झाला. सुट्टीवर आला की पेढे घेऊन येतो, आणि आधी मान दाखवतो.

* * *

कुंडलचा एक टेम्पोवाला मनगटावर 'सोना' लिहून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची बायको आली. तिचं नाव मंगल. पदर खोचलेला. दारातूनच आवाज.

"कोण ही सोना? ह्या दुकानात येती का ती?"

"अगं, म्हस हाय आपली! नवीन आणलेली!"

"म्हशीचं नाव हातावर? आणि माझं?"

"तू हाईस की घरात!"

"मग म्हस काय फिरायला गेलीया?"

टेम्पोवाल्यानं मुकाट्यानं हात पल्लवीपुढं धरला. 'मंगल' पेनानं लिहायचं म्हणून पल्लवीनं मार्कर उचलला, तर ती बाई म्हणाली, "पेन ठेव. सुईनंच लिव्ह. आणि जरा दुखू दे!"

सगळे हसले. मीही हसलो. पण माणसं कुंडलची म्हटल्यावर मी हसू आवरलं. यशोदाचं माहेर कुंडल.

* * *

तेव्हापासून दत्तू नावाचं कुणी आलं की मी आधी त्याचं वय बघतो. कुंडलचाच एक दत्तू आला, तेव्हा मी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि हळूच विचारलं, "कुणाच्यातला तू? आजोबाचं नाव काय? तेही दत्तूच का?"

तो बिचारा घाबरला. "आवं आजोबा, टॅटू काढाय आलोय. सोयरीक न्हाई करायची मला!"

* * *

एक जोडी आली. लग्न ठरलेलं होतं. तिच्या हातावर त्याचं नाव, त्याच्या हातावर तिचं. पेनाचा दिवस व्यवस्थित पार पडला. दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेवर हजर.

पल्लवीनं विचारलं, "आधी कोण?"

मुलगा म्हणाला, "आधी तिचं होऊ दे."

मुलगी म्हणाली, "का? आधी त्याचं."

"मी काय पळून जातोय का?"

"मग बस की खुर्चीवर!"

बसलं कुणीच नाही. दुपार झाली, चहा झाला, वडापाव झाला. दोघं एकमेकांच्या मनगटाकडं असे बघत होते, जसं एकानं दुसऱ्याचं घड्याळ ढापलंय. संध्याकाळी दोघं कोऱ्या हातानं घरी गेले.

लग्नाला आम्हाला बोलावलं होतं. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, आणि हार हातात धरून दोघं उभेच! शेवटी मुलीचा मामा ओरडला, "अरं, घाला की! लोकं जेवाय थांबल्यात!"

* * *

वाईच्या एक बाई मोबाइलवर शब्द घेऊन आल्या. कुठल्या तरी परदेशी लिपीतला, काड्यांचं घरटं मोडावं तसा. म्हणाल्या, "याचा अर्थ शांती. मला आयुष्यात तेवढीच हवी आहे."

पेनानं लिहून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या डोळे सुजवून.

"आमच्या ह्यांनी जेवताना बघितलं. म्हणाले, छान आहे. मग भात कालवता कालवता म्हणाले, पण हे शांतीच आहे कशावरून?"

"मग?"

"मग काय! रात्रभर झोपले नाही मी!"

* * *

आटपाडीकडचा एक तरुण बाप आला. छातीवर मुलाचं नाव हवं होतं, 'रुद्र'. पेनानं लिहून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला दंडाला धरून घेऊन आली.

"ह्यानं पोराचं जन्मनाव तर लिव्हलं न्हाई नव्हं?" म्हातारीनं मलाच विचारलं.

आमच्याकडं अजून ही पद्धत आहे. पत्रिकेतल्या अक्षरावरून एक जन्मनाव निघतं, आणि हाक मारायचं नाव वेगळंच असतं. जन्मनाव लग्न जुळवतानाच बाहेर काढतात. एरवी ते कुणाला सांगत नाहीत. कुणी त्या नावावर करणी करेल ही भीती. पुढं पुढं ज्याचं नाव त्यालाही ते माहीत नसतं.

"न्हाई गं आये," मुलगा वैतागून म्हणाला. "जन्मनाव हणमंत हाय. ह्ये हाक मारायचं हाय, रुद्र."

म्हातारीनं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अरं, मोठ्यानं कशाला बोलतूस?" मग खाली बसली, विचार केला, आणि पल्लवीला म्हणाली, "लिव्ह बाई, मोठं लिव्ह. करणी करणाऱ्याला चुकीचा पत्ता!"

* * *

आणि परवा, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा यशोदा आली. डबा घेऊन येते तशीच. पण डबा ठेवून ती सरळ खुर्चीवर जाऊन बसली आणि बाही वर केली.

"पल्लू, ह्ये लय फिकट झालंय गं. जरा उजळून दे."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. इतक्या वर्षांत ते नाव पुसट होत चाललं होतं, याचंच मला बरं वाटत होतं.

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं ठाऊक आहे. गालात हसून म्हणाली, "आजी, दुकानाचा नियम हाय. आधी पेनानं लिहून एक दिवस हिंडायचं. घरात कुणी काय म्हणतंय का बघायचं."

"लगीन झाल्यापासनं हिंडतीया की!" यशोदा म्हणाली. "कुणी एका शब्दानं इचारलं न्हाई."

आणि माझ्याकडं बघितलं.

मी बशी खाली ठेवली. आणि एकदाचं विचारलं, "कोण हाय ह्यो दत्तू?"

"आत्ता इचारताय व्हय?" तिनं पदरानं हात पुसला, सावकाश. "आवं, भटजीनं पत्रिका जुळवली तवा त्यातनं आमच्या घरी तुमचं नाव दत्तूच सांगितलं हुतं. गावात गोंदणारीण आल्ती. आईनं म्हणलं, नवऱ्याचं नाव गोंदून घे. घेतलं. आणि मांडवात येऊन बघते तर सगळी तुमाला शामराव म्हणत्यात! उंबऱ्यावर नाव घे म्हणत्यात, आता कुणाचं घेऊ? मला वाटलं, ह्या लोकांनी नवरा बदलला!"

पल्लवी तोंडावर हात ठेवून मागं वळली.

"मग तू बोलली का न्हाईस?" मी विचारलं. "आजपत्तोर?"

यशोदानं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"कशाला बोलू? बदलून आलेला बी बरा हुता!"