सातवा ‘आय’

ती मला एकदाच भेटली, आल्मेरेला जाणाऱ्या दुमजली डच ट्रेनमध्ये. नवऱ्याच्या नोकरीमुळे स्कॉटलंडहून इथे आलेली, सात मुलांची आई. ती आपणहून माझ्याशी बोलत होती आणि मी नुसती मान हलवत होते. अनोळखी माणसासमोर माझी जीभच उचलत नाही. बोलता बोलता ती एकीची वेणी घालत होती, दुसऱ्याच्या तोंडात न बघताच सफरचंदाची फोड सारत होती.

स्टेशनवर उतरल्यावर तिने मुलं मोजली नाहीत. एकेकाचं नाव घेतलं, आणि ज्याचं त्याने “आय” म्हटलं. त्यांच्याकडे ‘हो’ला आय म्हणतात.

सातव्या नावाला उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी अजून दारातच होते, तेवढ्यात गार्डची शिट्टी झाली. दारात पाय रोवून मी आत ओरडले, “आय?” एवढा मोठा आवाज मी ऑफिसातही कधी काढलेला नाही.

वरच्या मजल्यावरून पेंगुळलेलं “आय” आलं, आणि पाठोपाठ एकाच पायात बूट घातलेली धाकटी.

तिने लेकीला उचललं आणि मलाही मिठी मारली. काय वाटलं कोण जाणे, मी सांगून टाकलं, “आमच्या गावाकडे आईला आय म्हणतात.”

डोळे पुसत तिने मुलांकडे पाहिलं. “म्हणजे इतकी वर्षं ही मला हाका मारतायत? आणि मी समजत होते, माझं ऐकतायत!”