सहाशे ग्रॅम मीठ

सुलभाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मनात आलेला पहिला विचार सांगायची लाज वाटते. आता मृणालला पिस्तुलाचं कोण सांगणार?... रडू त्यानंतर आलं.

मृणाल माझी धाकटी बहीण. इथे जपानमध्ये, त्सुकुबात पीएचडी करून अमेरिकेत गेली आणि तिथे एक माणूस तिच्या मागे लागला. पार्किंगपर्यंत यायचा, काही न बोलता उभा राहायचा. पोलिसांत तक्रार झाली, घर बदललं. शेवटी तिचा फोन आला, "ताई, पर्समध्ये मावेल असं छोटं पिस्तूल घेतेय. काकूंना विचार ना, कुठलं घेऊ?" इथे पोलिसाच्या कमरेचं पिस्तूल दिसलं तरी मी नजर वळवते. पण शेजारच्या सुलभाकाकू कॉलेजात असताना पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धा खेळलेल्या. बोलण्यातला नेम तर अजून शाबूत होता.

त्यांच्या स्वयंपाकघरातून आम्ही व्हिडिओकॉल लावला. "छोटं म्हणजे सोपं, असं कुणी सांगितलं तुला?" काकू कडाडल्या. "जितकं छोटं आणि हलकं, तितका हाताला दणका जास्त. मुठीवर करंगळीला जागा नसते. नवशिकी दोन गोळ्यांत घाबरते आणि सराव सोडते. नेमबाजीच्या रेंजवर चार-पाच भाड्याने घेऊन चालवून बघ. सगळी बोटं मावतील ते घे." मग त्यांनी वजनकाट्यावर सहाशे ग्रॅम मीठ तोलून पिशवीत बांधलं. "भरलेलं साधारण एवढं होईल. आधी तीस दिवस एवढं मीठ पर्समध्ये वागव. पर्स क्षणभरही सोडायची नाही." तीच पिशवी माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "तूही कर गं. बहिणीला सल्ले द्यायचेत ना?"

मला भयंकर राग आला. तिकडे माणूस मागावर आणि ह्या मीठ तोलतायत! पण तिसऱ्याच दिवशी मृणालने कॅन्टीनमध्ये जागा धरायला पर्स खुर्चीवर ठेवली आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. इथली सहा वर्षांची सवय. इथे आम्ही सगळेच असं करतो. परतली तर शेजारच्या टेबलावरची चार वर्षांची मुलगी पर्सच्या चेनशी खेळत होती. हे सांगताना ती रडली. "पुन्हा एकपासून मोज," काकू एवढंच म्हणाल्या. मी तर पहिल्याच दिवशी नापास झाले होते, ते कुणाला सांगितलं नाही.

नव्या मोजणीच्या अठराव्या दिवशी तो माणूस तिच्या नव्या इमारतीच्या दाराशी दिसला. मी काकूंवर ओरडले, "आता तरी घेऊ द्या तिला!"

"मी कुठे अडवलंय? तिचं ती ठरवेल. फक्त विचार, पर्स कुठे आहे?"

पर्स मृणालच्या खांद्यावर होती. तिने पोलिसांना बोलावलं, आणि मोजणं सुरूच ठेवलं. दोन दिवसांनी सकाळी भाजी चिरताचिरता काकू कोसळल्या. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते ओरडणंच राहिलं. ते मला अजून गिळवत नाही.

गेल्या आठवड्यात मृणालचा फोन आला. तीस दिवस पुरे झाले. चार पिस्तुलं चालवून पाहिली, करंगळी मावणारं निवडलं. "भीती गेली?" मी विचारलं. "नाही गं. उलट एक वाढली." काकूंना हे उत्तर आवडलं असतं, असं मला वाटतं.

काल स्टेशनजवळच्या फूडकोर्टात तोबा गर्दी होती. एक खुर्ची मिळाली. सवयीने पर्स तिच्यावर ठेवली, आतल्या मिठाचा धप्प आवाज झाला. मी ती उचलून खांद्याला लावली आणि रांगेत गेले. ट्रे घेऊन परतले तेव्हा जागा गेली होती. खिडकीच्या कट्ट्यावर ट्रे टेकवून मी उभ्यानेच जेवले.