सातच्या बॅचच्या मॅडम

आमच्या क्लासमधली मुलं एकाच बाईंना दोन नावांनी ओळखत. चारच्या मॅडम आणि सातच्या मॅडम. चारच्या मॅडमचा आवाज जिना उतरून खाली औषधांच्या दुकानापर्यंत जायचा. सातच्या मॅडम डाव्या हाताने हनुवटी उचलून धरत, नाकातून बोलत आणि वाक्याचा शेवट गिळून टाकत. वर्ध्याहून आलेल्या, चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या या बाई कोथरूडमधल्या माझ्या क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवत. क्लास माझा, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारीही माझीच.

गणित सोडवताना त्या मुद्दाम एखादी चूक करत आणि कुणी पकडतं का, ते बघत. पकडली की म्हणत, "शाब्बास! आता माझी गरज नाही." सातच्या बॅचला त्यांचा हात खांद्याच्या वर टिकत नसे, म्हणून फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच राही. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, वरच्या मजल्यावर 'भाड्याने देणे आहे' लावू का?" मॅडम म्हणाल्या, "लाव. पण भाडेकरू गणितात पास झालेला आण." सगळे हसले. दारात उभा असलेला मीही हसलो.

डब्यात त्या दहीभातच आणत. "वजन कमी करताय का?" मी विचारलं. "नाही हो सर. पोळी चावताना जबडाच थकते. काहून असं होऊन राहिलं, कळत नाही." मी त्यांना झोप पूर्ण करायला सांगितलं. पुढे एका पालकांनी आवाज खाली आणून विचारलं, "अहो सर, तुमच्या मॅडम संध्याकाळी काही घेऊन येतात का हो?" मी म्हटलं, "दहीभात." उत्तर चटकदार होतं, म्हणून मी तिथेच थांबलो. "त्या आजारी आहेत," एवढं म्हणायला हवं होतं.

डॉक्टरांकडे त्या जातच होत्या, पण दुपारपासून क्लास असल्यामुळे सकाळी. रात्रभर विश्रांती झालेली, त्यामुळे आवाज खणखणीत, पापण्या जागच्या जागी. एकाने रक्त तपासून सगळं नॉर्मल असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने टेन्शन घेऊ नका म्हटलं, तिसऱ्याने लग्न का केलं नाही ते विचारलं. "डॉक्टरांसमोर मी दर वेळी खोटी पडते सर," त्या म्हणायच्या. खरं सांगायचं तर मलाही त्या थोड्या खोट्याच वाटत. चारला इतकं छान बोलणारं माणूस सातला का बोलू शकत नाही, हा विचार मी कधी पुढे नेलाच नाही.

मग त्यांना फळ्यावरचं प्रत्येक समीकरण दोनदा दिसू लागलं. चष्म्याचा नंबर तपासायला त्या एका सुट्टीच्या संध्याकाळी गेल्या, आणि तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच पडलेली पापणी पाहिली. मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाले. ते सकाळीच तपासत असल्यामुळे संध्याकाळचा व्हिडिओ सोबत न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मॅडम उत्साहाने माझ्याकडे आल्या. "सर, सातच्या बॅचचं रेकॉर्डिंग असतं ना आपल्याकडे? जुनं-जुनं सगळं द्या."

गैरहजर मुलांसाठी प्रत्येक तास रेकॉर्ड होत असे. पण आदल्या दिवाळीपासून मी सातच्या तासाची शेवटची वीस मिनिटं कापून पुसून टाकत होतो. पालकांनी ऐकलं तर नाव खराब होईल, म्हणून. वर मी मॅडमची अब्रू सांभाळतोय, अशी स्वतःची समजूतही घातली होती. मी म्हणालो, "मशीनमध्ये बिघाड झालाय. सगळं गेलं."

"मग आज तुम्हीच मोबाईल धरा," त्या म्हणाल्या.

सातची बॅच सुटल्यावर मॅडम थोडा वेळ टेकल्या, मग मी मोबाईल धरून पहिल्या बाकावर बसलो. मॅडमनी रिकाम्या वर्गाला वर्गसमीकरण शिकवायला घेतलं. पाच मिनिटांत उजवी पापणी उतरली. हात खाली आला. शब्द नाकात गेले, मग नुसते ओठ हलत राहिले. "पुरे," मी म्हणालो. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि उत्तरापर्यंत गेल्या. इतका वेळ मी त्यांच्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी सोबत चला म्हटलं, म्हणून मीही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. मग मॅडमना छताकडे एकटक बघायला लावलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या मिटत आल्या. "केव्हापासून आहे हे?" त्यांनी विचारलं. "या उन्हाळ्यापासून असेल," मॅडम म्हणाल्या. मग मला बोलावंच लागलं. "मागच्या दिवाळीपासून. मी तेवढा भाग कापत होतो." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मॅडम माझ्याकडे वळल्या.

मायस्थेनिया ग्रेव्हिस. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचू देत नाही. गोळ्या सुरू झाल्या, पण उशीर झालाच होता. त्याच महिन्यात श्वास अडकला आणि आठ दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या. आवाजही परत आला, मात्र दिवसातून काही तासांपुरता. भाऊ त्यांना वर्ध्याला न्यायला आला.

निघायच्या दिवशी त्या क्लासच्या चाव्या द्यायला आल्या. भाऊ खाली रिक्षात थांबला होता. मी म्हणालो, "मॅडम, त्या रेकॉर्डिंगबद्दल मला तुम्हाला एक सांगायचं आहे," आणि अडलो.

"लवकर सांगा सर," त्या म्हणाल्या, नेहमीसारख्याच कोरडेपणाने. "साडेपाच होत आलेत. नंतर मला उत्तर देता येणार नाही."

त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग त्यांची पापणी खाली येऊ लागली, आणि मी त्यांची बॅग उचलून जिना उतरलो.